युरिया कमी केल्यास काय मिळते?

प्रश्न : आमच्या ऊसपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. युरिया कमी वापरणाऱ्या शेतकऱ्याला सरकार काही देते का?

उत्तर : थेट फारसे काही नाही. युरियापासून तयार होणाऱ्या नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. मात्र युरियाची 45 किलोची गोणी जेमतेम पावणेतीनशे रुपयांना मिळत असताना हात आखडता कोण घेईल? 2023 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेत रासायनिक खतांचा वापर घटल्याने वाचलेल्या अनुदानातील 50 टक्के रक्कम राज्याला देण्याचे ठरले, शेतकऱ्याच्या खात्यात नव्हे. त्यामानाने ठिबकचे अनुदान उपयोगी आहे, कारण ठिबकमधून युरिया हप्त्याहप्त्याने मुळांशी दिला, तर पाटपाण्यासोबत झिरपतो तितका तो नायट्रेटच्या रूपाने विहिरीपर्यंत झिरपत नाही. त्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ पोर्टलवर अर्ज करावा; तत्पूर्वी माती परीक्षण अवश्य करून घ्यावे.