टॉवर देतो तो तात्पुरता नंबर खरंच बदलतो का?

प्रश्न: ताई, माझा भाचा मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, तो म्हणतो खोटा टॉवर लावून आजूबाजूचे फोन ओळखता येतात. ऑफिसातला मित्र म्हणतो काही नाही रे, टॉवर आपल्याला टेम्पररी नंबर देतो, खरा नंबर हवेत जातच नाही. कुणाचं खरं मानू? आणि एरोप्लेन मोड चालू-बंद केला की तो नंबर बदलतो म्हणे, मग रोज तेच करत बसू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे.

तुमच्या सिममध्ये मोबाईल नंबरपेक्षा वेगळा असा एक १५ आकडी नंबर असतो, आयएमएसआय, आपल्याकडच्या सिमचा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो आणि सिम आहे तोवर तोच राहतो. तो सारखा हवेत गेला तर कुणीही टिपून ठेवेल, म्हणून २जीपासूनच सोय आहे की एकदा ओळख पटली की नेटवर्क एक तात्पुरता नंबर देतं, आधी त्याला टीएमएसआय म्हणायचे, ४जीमध्ये गुटी. कॉल आला की टॉवर तोच पुकारतो, दवाखान्यात नावाऐवजी टोकन नंबर पुकारतात ना तसं, आणि हा पुकारा उघडा असतो बरं का, कुणीही ऐकावा.

आता टोकन दिवसभर तेच राहिलं तर काय उपयोग? २०१२ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वस्तातला फोन आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन दाखवून दिलं, समोरच्याला कॉल लावायचा आणि रिंग वाजायच्या आत कट करायचा, असं काही वेळा केलं की दर वेळी कुठला नंबर पुकारला जातोय ते जुळतं, माणूस त्या भागात आहे की नाही ते कळतं आणि त्या बिचाऱ्याला मिस कॉलसुद्धा दिसत नाही. मग मोबाईल कंपन्या तो तात्पुरता नंबर बदलायला लागल्या, पण कशा? दक्षिण कोरियातल्या काइस्ट या विद्यापीठाच्या टीमने २०१८ मध्ये ११ देशांतल्या २८ कंपन्या तपासल्या तर १९ कंपन्यांचा नवा नंबर जुन्यावरून सहज ओळखता येत होता. असं बदलणं न बदलल्यासारखंच की.

भाच्याचं खरं ते इथे, ४जीपर्यंत खोटा टॉवर फोनला सांगू शकतो की तुझा तात्पुरता नंबर मला ओळखू येत नाही, खरा (म्हणजे आयएमएसआय) दे, आणि फोन मुकाट्याने देतो. ५जीमध्ये हे बरंच सुधारलंय, खरा नंबर कंपनीच्या चावीने कुलूपबंद करून पाठवायची सोय आहे आणि पुकारा ऐकून फोनने उत्तर दिलं की नवा तात्पुरता नंबर द्यायलाच हवा असा नियम आहे. पण हे सगळं स्टँडअलोन, म्हणजे पूर्णपणे ५जीवरच चालणाऱ्या नेटवर्कमध्ये, नॉन-स्टँडअलोनमध्ये मागचं कोअर, म्हणजे कंपनीची मुख्य यंत्रणा, ४जीचंच, स्क्रीनवर ५जी दिसलं तरी. जिओने २०२२ मध्ये स्टँडअलोनने सुरुवात केली, एअरटेलने नॉन-स्टँडअलोनने.

एरोप्लेन मोडचं म्हणाल तर भरवसा नाही, फोन परत जोडताना जुनाच नंबर सांगतो, नवा द्यायचा की नाही ते नेटवर्क ठरवतं. त्यापेक्षा अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करायचं बटण सापडतंय का बघा, सगळ्या फोनमध्ये नसतं, पण असेल तर खोटा टॉवर तुम्हाला २जीवर तरी ओढू शकत नाही. आणि हो, हे सगळं बाहेरच्यांपासून लपण्यासाठी, तुमच्या कंपनीला तुम्ही कुठे आहात ते कळतच असतं.

प्रश्न: घरच्या राऊटरच्या लिस्टमध्ये अनोळखी डिव्हाइस दिसतात आणि मुलाच्या फोनला लावलेलं टायमिंग चालत नाही. कुणी वायफाय चोरतंय का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: बहुतेक चोर घरातलाच आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक ॲड्रेस (राऊटर ज्यावरून फोन ओळखतो तो आकडे-अक्षरांचा पत्ता) देतो, त्यामुळे राऊटरच्या वायफायची दोन नावं असतील तर एकच फोन दोन दिसतो. ॲड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. मुलाच्या फोनमध्ये फक्त घरच्या वायफायपुरतं हे बनावट ॲड्रेस देणं बंद करा आणि टायमिंग नव्याने लावा, बाहेरच्या वायफायला मात्र चालूच राहू दे.