मुलगी पेपरवाल्यांसाठी घरोघरी फिरणार का?

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण ७६ टक्के. आम्ही एमपीएससीचा क्लास ठरवलाय. ती म्हणते, देशात कोण कोणता पेपर वाचतं हे मोजणाऱ्या संस्थेत जायचं. गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रकल्पासाठी कोरेगावात १२० घरं फिरली, तेव्हा पाहुणे विचारत होते, पोरगी काय विकते? मी कृषी सहायक आहे. मूठभर घरांवरून देशाचं काय कळणार? तिला समजवा.
– एक पालक, कोरेगाव

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही आहात, पाहुणे आहेत, क्लास आहे. मुलीचं म्हणणं एका वाक्यात उरकलंय आणि तेही तक्रार म्हणून. ७६ टक्क्यांची मला काळजी नाही. पाहुण्यांच्या एका प्रश्नावर तुम्ही पोरीचं पुढचं ठरवताय, याची आहे. ती काही विकत नव्हती, हे त्यांना तिथल्या तिथे सांगायला काय हरकत होती? ते सांगायचं राहिलं म्हणून आता तिला 'समजवायचं' काम माझ्याकडे आलंय. ते मी करणार नाही. क्लासची फी भरण्याआधी तिला विचारलं होतंत का, तेवढं मात्र कळवा.

आता मूठभर घरांचं. हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर समजलो असतो, तुम्ही विचारावा याचं नवल वाटतं. पीक कापणी प्रयोग तुम्हीच करता ना? मंडळातले मोजके प्लॉट, तेही चिठ्ठी काढल्यासारखे, कुठलाही क्रम नसलेल्या आकड्यांच्या तक्त्यावरून निघालेले. शेतकरी म्हणतो, "साहेब, इथलं नको, बांधाकडचं घ्या." तुम्ही ऐकत नाही, आकडा निघेल तिथेच खुंट्या ठोकता, दोरी लावता, तेवढंच कापून तोलता. त्यावर अख्ख्या मंडळाचं उत्पन्न ठरतं आणि विम्याचे पैसेही. त्यासाठी सगळा तालुका कापून बघत नाही कुणी. माणसांच्या सर्वेक्षणाचंही तेच. नमुना लोकसंख्येच्या किती टक्के आहे याने फारसं बिघडत नाही. घरं पुरेशी हवीत आणि ती निवडताना कुणाची मर्जी चालता कामा नये. शितावरून भाताची परीक्षा होते ती याच हिशेबाने, मग भात घरच्या पातेल्यातला असो की पंगतीच्या हंड्यातला. पिकांच्या अंदाजासाठी हे नमुन्याचं शास्त्र आपल्या देशात ज्यांनी रुजवलं, त्यांत पां. वा. सुखात्मे हे मोठं नाव. १९११ साली जन्मले ते खटाव तालुक्यातल्या बुधला. तुमच्या शेजारच्या तालुक्यात!

मुलगी म्हणते ती संस्था बहुधा मीडिया रिसर्च युजर्स कौन्सिल. १९९४ची, मुंबईची. वृत्तपत्रं, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था तिचे सदस्य. 'इंडियन रीडरशिप सर्व्हे' तिचाच. २०१७च्या फेरीत ३ लाख २० हजार घरं होती. पेपर किती खपतो ते ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स १९४८ पासून तपासतंय, पण सलूनमधला एक अंक संध्याकाळपर्यंत किती जणांच्या हातून जातो, ते घरोघरी विचारल्याशिवाय कळत नाही.

इथे मात्र मुलीलाही दोन शब्द सुनवायचेत. बाई, अशा एकाच संस्थेवर नजर लावून बसू नकोस. ती स्वतः माणसं घेऊन दारोदार पाठवत नाही. प्रत्यक्ष काम संशोधन कंपन्यांना दिलं जातं. शिवाय २०२० मध्ये कोविड आला, अनोळखी माणसाला कुणी उंबऱ्याशी उभं करेना, आणि हा सर्व्हे कित्येक वर्षं अडकून पडला. तेव्हा संस्थेचं नाव सोड, काम धर. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स कर; कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सोय आहे. नमुना निवड आणि प्रश्नावली या दोन गोष्टी पक्क्या असल्या की बाजार संशोधन, आरोग्य सर्वेक्षण, निवडणूक अभ्यास, कुठेही चालतं. सुट्टीत दोन महिने एखाद्या कंपनीसाठी दारोदार फिर. दार उघडणारा कोण, घरात उत्तर द्यायचं कुणी, आणि "आम्ही सगळेच पेपर वाचतो" म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे वर्गात बसून येत नाही.

सरकारी नोकरीचं म्हणाल, तर तिच्या विषयाला यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, स्टाफ सिलेक्शनमधून ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर आहे. एमपीएससीच्या क्लासला तिचे तीन वर्षांचे कष्ट बाजूला ठेवून जाण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, सोबत तो प्रकल्पही पाठवा. मला त्यात एकच बघायचंय : १२० घरं तिने निवडली कशी? मैत्रिणींची आणि गल्लीतली घेतली असतील, तर तुमच्याकडून आकड्यांचा तक्ता मागून घेऊन तिने पुन्हा फिरावं.