४०० चा रोल कॅमेऱ्याला २५ चा दिसतो, तेव्हा

तुमच्या प्रश्नातच निम्मं निदान आहे. कॅमेरा ऑटोफोकस एसएलआर आहे, १०० आणि २०० चे रोल बरोबर वाचतो (हा आकडा म्हणजे फिल्मचा स्पीड, आयएसओ; तो जितका मोठा तितका कमी प्रकाश पुरतो), पण ४०० चा घातला की स्क्रीनवर २५ येतं. गेल्या रोलच्या निगेटिव्ह इतक्या काळ्याकुट्ट आल्या की लॅबवाल्यानेच ओव्हरएक्स्पोज, म्हणजे जास्त प्रकाश पडलाय म्हणून सांगितलं. प्रकाश मोजणारं मीटर गेलं असेल, सर्किट गेलं असेल, दुसरी बॉडी घ्या, असे सल्ले तुम्हाला मिळालेत. कृपा करून बॉडी टाकू नका. रोलवरचा कोड वाचणाऱ्या पिनांपैकी फक्त एकीचा कॉन्टॅक्ट गेलाय आणि ती कोणती, हेही घरबसल्या सांगता येतं.

कोडॅकने १९८३ मध्ये कॅमेऱ्याला फिल्मस्पीड आपोआप सांगणारा डीएक्स कोड आणला, तेव्हापासून बहुतेक ३५ एमएम कॅसेटवर रुपेरी-काळ्या चौकोनांच्या दोन ओळी असतात, एका ओळीत सहा. रुपेरी म्हणजे उघडा पत्रा, त्यातून करंट जातो. काळा म्हणजे रंग, तिथे जात नाही. स्पूलचा बाहेर आलेला दांडा डावीकडे येईल अशी कॅसेट धरा. वरची ओळ फिल्मस्पीडची. पहिला चौकोन कायम रुपेरी, तो सगळ्यांचा कॉमन. दुसरा, तिसरा आणि चौथा मिळून मुख्य स्पीड सांगतात, पाचवा-सहावा मधले एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). खालच्या ओळीत फोटोंची संख्या वगैरे असते, आपल्याला तिच्याशी कर्तव्य नाही.

आता हे तीन चौकोन वाचायला शिका. तिन्ही काळे असतील तर २५. फक्त दुसरा रुपेरी असेल तर ५०, फक्त तिसरा असेल तर १००, दुसरा आणि तिसरा असतील तर २००. फक्त चौथा, ४००. दुसरा-चौथा ८००, तिसरा-चौथा १६००, तिन्ही रुपेरी ३२००.

तुमचा कॅमेरा १०० आणि २०० ओळखतो, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या चौकोनाला टेकणारी दुसरी-तिसरी पिन शाबूत आहे. ४०० साठी लागते फक्त चौथी. ती लागली नाही की तिन्ही काळे, म्हणजेच २५. मीटरचा यात काही दोष नाही, त्याला सांगितलेल्या आकड्याप्रमाणे त्याने चोख काम केलंय. खात्री करायची असेल तर कुणाकडून ८०० चा रोल आणून घालून बघा. ५० दाखवला की संशय मिटला.

हाच हिशेब इतरांनाही उपयोगी पडेल. २०० चा रोल १०० दिसतो तेव्हा दुसरी पिन. १०० चा २५ आणि २०० चा ५० दिसतो तेव्हा तिसरी. कुठलाच रोल वाचत नसेल तर पहिली किंवा पाचवी बघा, कारण १००, २००, ४००, ८०० या सगळ्यांत पाचवा चौकोन रुपेरी असतो. तो हुकला की कोडच निरर्थक होतो आणि बरेच कॅमेरे मग १०० धरून चालतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घाण किंवा गंज कॉन्टॅक्ट तोडतो, नव्याने जोडत नाही. त्यामुळे पिना खराब झाल्या की कॅमेरा फिल्म स्लो, म्हणजे कमी स्पीडची समजतो आणि निगेटिव्ह काळ्या येतात. (अपवाद वर सांगितलेला, कोड निरर्थक होऊन कॅमेरा १०० धरतो तो; ५० ची फिल्म त्यात उलट फास्ट धरली जाईल.) निगेटिव्ह पातळ, फिक्या येत असतील तर आधी कॅसेट तपासा. काळा रंग खरवडला गेलाय का? की सिनेमाची फिल्म कापून जुन्या कॅसेटमध्ये भरलेला रोल आहे? ५०० टी (५०० स्पीडची सिनेमाची फिल्म) हल्ली असा सर्रास मिळतो आणि कॅमेरा आतली फिल्म वाचत नाही, पत्रा वाचतो. विकणाऱ्यांनी हे कॅसेटवर ठळक लिहायलाच हवं.

मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर (जोड आहे का ते बीप वाजवून सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक पहिल्या चौकोनावर आणि दुसरं चौथ्यावर लावा. बीप वाजला तर कॅसेट निर्दोष.

मग साफसफाई. मागचं दार उघडा, रोलच्या कप्प्यात भिंतीला टिकल्यांसारख्या पिना दिसतील. कॅसेटचा दांडा ज्या बाजूला जातो तिथून मोजत चौथी गाठा. टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच दाबा. बाकीच्या झटकन वर येतात आणि ही आतच राहते का? तसं असेल तर खाली हिरवट गंज किंवा चिकटा बसलाय. कोकणात, मुंबईत पावसाळाभर कॅमेरा कपाटात राहिला की हे हमखास होतं. इअरबड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून पिनेवर फिरवा, आणि मधेमधे तिला दाबत राहा. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा निघतो आणि मग गंज लवकर येतो. स्प्रे थेट आत मारू नका. शटरच्या पडद्याला बोट लागता कामा नये. पिना ही महागड्या कॅमेऱ्यांचीही दुखरी जागा आहे. लायका एम७ मध्ये पिनांचा त्रास इतका झाला की पुढे कंपनीने त्या काढून ऑप्टिकल रीडर बसवला.

पिन सुधारलीच नाही तर आयएसओ हाताने ४०० ठेवा, पण रोल बदलल्यावर आकडा पुन्हा बघा, कारण काही बॉड्या दर वेळी डीएक्सवर परततात. निकॉन एफ६५, एफ७५ सारख्यांत आकडा हाताने ठेवायची सोयच नाही आणि २५ वरून ४०० म्हणजे चार स्टॉप, तेवढं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (प्रकाश मुद्दाम कमी-जास्त करायची सोय) पुरत नाही. तिथे ४०० च्या कॅसेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाचा काळा रंग ब्लेडने खरवडा आणि चौथ्यावर इन्सुलेशन टेप लावा. कॅमेरा २०० वाचेल. कॉम्पेन्सेशन उणे एकवर ठेवलं की झालं ४००. टेप विसरू नका, चौथी पिन मध्येच जिवंत झाली तर ३२०० वाचलं जाईल.

राहिला तो काळा रोल. कलर निगेटिव्ह असेल तर फेकू नका. चार स्टॉप जास्त झाले तरी तपशील बहुधा शिल्लक असतो, लॅबला फक्त नीट वेळ देऊन पुन्हा स्कॅन करायला सांगा. अशीच चूक झालेला ब्लॅक अँड व्हाइट रोल अजून धुवायचा असेल तर देतानाच '२५ वर शूट झालाय' असं पाकिटावर लिहा, डेव्हलपिंगची वेळ कमी करून बराचसा वाचवता येतो. स्लाइड फिल्म असती तर मात्र काही हाती लागलं नसतं.