नाणी, ऊस आणि रानडुकरं

प्रश्न : मी एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एआय वापरून समाजाचं सिम्युलेशन करण्यात, म्हणजे संगणकात नकली माणसं वसवून समाज कसा वागतो ते बघण्यात, पीएच.डी. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, ‘हे धड कॉम्प्युटर नाही, धड समाजशास्त्र नाही. नोकरी कोण देणार?’ तुम्ही इंग्लंडमध्ये हेच शिकवता. काय सांगाल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. माझा पहिला पेपर संगणकवाल्यांनी ‘यात नवं अल्गोरिदम कुठंय?’ म्हणून परत केला. समाजशास्त्रवाल्यांनी ‘माणसं म्हणजे सोंगट्या नव्हेत’ म्हणून.

आधी एक करून बघा. बुद्धिबळाच्या पटावर रुपयाची वीस-बावीस नाणी आणि तितकीच दोनची विस्कटून ठेवा. नियम एकच : शेजाऱ्यांतले एक तृतीयांश तरी आपल्यासारखे हवेत, नसतील तर रिकाम्या घरात जायचं. थोड्या वेळात पटावर दोन्ही नाण्यांच्या वेगवेगळ्या वस्त्या होतात, आणि गंमत म्हणजे तशी कुठल्याच नाण्याची मागणी नव्हती. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१मध्ये काळ्या-गोऱ्या वस्त्यांबद्दल हेच मांडलं.

माझ्या पीएच.डी.च्या मॉडेलमधले, म्हणजे संगणकातले, शेतकरी भाव बघून पीक ठरवायचे. कराडजवळ मामांकडे गेले, मोठ्या हौसेनं लॅपटॉप उघडून दाखवला. मामा म्हणाले, “अगं, माझ्या तिन्ही बांधांना ऊस हाय, त्यात रानडुकरं दडतात. मधे भुईमूग केला तर डुकरं एक शेंग तरी ठेवतील का?” भावाचा प्रश्नच नव्हता, बांधाचा होता : शेजारी काय लावतो, त्यावर यांचं पीक. म्हणजे शेलिंगची नाणीच की! आठ महिन्यांचा कोड टाकून दिला.

आता चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलांची हवा आहे. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी असल्या मॉडेलवर चालणाऱ्या २५ एजंटांचं, म्हणजे नकली माणसांचं, गावच वसवलं, तिथले रहिवासी एकमेकांना पार्टीचं आमंत्रणही देत. मीही एका मॉडेलला कराडचा शेतकरी व्हायला सांगितलं. त्यानं पीकवैविध्यावर सरकारी भाषण ठोकलं. डुकराचं नाव नाही.

शिकायला नेटलोगो घ्या, अशी मॉडेलं बांधायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मग त्याच कामाचं पायथनमधलं मेसा. ‘जर्नल ऑफ आर्टिफिशियल सोसायटीज अँड सोशल सिम्युलेशन’ १९९८पासून निघतंय, तेही फुकट वाचता येतं. इकडे पीएच.डी.ला साधारण तीन-चार वर्षं लागतात. परदेशी विद्यार्थ्यांची फी जबर असते, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय येऊ नका, कर्ज काढून तर नाहीच. पुढे वर्ष-दोन वर्षांच्या कंत्राटी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या नोकऱ्या. मी तीन गावं बदलली, तेव्हा कुठे कायम झाले. घरच्यांना हे लपवू नका. सोबत हेही सांगा, की २०२०मध्ये लॉकडाऊन टप्प्याटप्प्यानं उठवला तर मुंबईत काय होईल, हे मुंबईची टीआयएफआर आणि बंगळूरची आयआयएस्सी या विज्ञानसंस्थांनी अशाच मॉडेलवर तपासलं होतं.

गाइडला पत्र लिहाल त्यात स्वतःबद्दल चार ओळी पुरेत. बाकी पान एका प्रश्नाला द्या. तुमच्याकडे हळदीचा मोठा बाजार आहे. माल आज काढायचा की अजून थांबायचं, हे शेतकरी कुणाला विचारून ठरवतो? एक-दोन सौद्यांना जाऊन उभे राहा आणि मला कळवा.