आधी यादी पाठव

चि.,

तुझा मेसेज दोनदा वाचला. रिपोर्टचे फोटो, जिमच्या ट्रेनरचा तक्ता, रूममेटचं भात-पोळी बंद करणारं कीटो, ऑफिसातल्या मैत्रिणीचं सोळा-आठ (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं) आणि शेवटी तो प्रश्न : ‘काका, मी जाड दिसतच नाही, मग मला फॅटी लिव्हर कसं?’ एवढ्या सगळ्यात एक कागद मात्र नव्हता. तुमच्या फ्लॅटवर महिन्याला जो किराणा येतो, त्याची यादी. तू विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर बोलेन, पण आधी यादी पाठव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छोटं टिपण छापलं, दोघांच्या फोटोसकट. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि चरबी आत पोटाशी, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा. तुझं वजन ७२, बीएमआय २४.९. रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे ‘नॉर्मल’ छापलंय, कारण त्यांनी २५ ची रेघ धरली आहे. आपल्या लोकांसाठी ती रेघ २३ वर आहे आणि २५ ला तर लठ्ठपणाच धरतात. पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, तू ९६. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ५.९. मधुमेहाच्या वेशीवर. तुझ्या वयात इथून मागे फिरता येतं, म्हणून तर एवढं लिहायला बसलोय. वजन पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी हटायला लागते. तुझ्या बाबतीत साडेतीन किलो. आठवड्याला अर्धा किलो धर, दोन महिन्यांचं काम. डॉक्टरांनी तपासणीची जी पुढची तारीख दिली आहे ती मात्र चुकवू नकोस.

आता माझं नेहमीचं. रात्री अकराला भूक लागली की कुणाचीही अक्कल चालत नाही. हात डब्यात जातो आणि डब्यात असेल ते तोंडात जातं. त्या डब्यात काय असणार हे मात्र दहा दिवस आधी, पोट भरलेलं असताना, वाण्याच्या यादीत ठरलेलं असतं. मनाचा निग्रह वगैरे जो काही करायचा तो तिथे, त्या पाच मिनिटांत कर. ताटावर बसून निग्रह करणारे मी आयुष्यभर बघतोय. गुरुवारपर्यंत टिकतात.

तेलापासून सुरुवात कर. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो आहार सांगितला, त्यात तेलतूप माणशी दिवसाला २७ ग्रॅम आहे. तुम्ही तिघं, म्हणजे साधारण ८० ग्रॅम. एक लिटर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही वेळा घरी जेवलात तरी पिशवी अकरा दिवस पुरली पाहिजे, आणि तुमची दुपार तर कॅंटीनमध्ये जाते. नवी पिशवी फोडलीस की बरणीला कागद चिकटवून त्यावर तारीख लिही. स्वयंपाकाच्या मावशींना काही बोलू नकोस. ‘तेल कमी घाला’ म्हटलं की त्या दोन दिवस कमी घालतील, तिसऱ्या दिवशी ‘दादा, भाजीला चव आली नाही’ म्हणत पळी पुन्हा भरेल. बरणी छोटी आण आणि पळीच्या जागी चमचा ठेव. मोहरी तडतडायला चमचाभर तेल पुरतं, स्वतः करून बघ.

भाकरीचं विचारलंस. भाकरी उत्तम, पोटाला आधार राहतो. पण शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ काय आणि गव्हाचं काय, उष्मांक जवळपास सारखेच. तीन पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाऊन वर ‘आम्ही मिलेटवर आहोत’ सांगणारे आमच्या सोसायटीत दोघं आहेत. तुझ्या यादीत खरी कमतरता असणार ती उसळींची. किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबाने तुला दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हवीत आणि वाटीभर वरणातून मिळतात सहा-सात. मटकी, चवळी, हरभरे लिही. अंडी, दही, सोयाबीनच्या वड्या लिही. बिस्किटं, फरसाण, दहा मिनिटांत घरपोच येणारं ते सगळं खोड. पाहुणे आले तर काय द्यायचं, असं विचारू नकोस. शेंगदाणे-गूळ दे, आणि तो पाहुण्यांपुरताच. दाण्यात निम्मं तेलच असतं.

आहार डॉ. दीक्षितांचा की ऋजुता दिवेकरांचा, हाही प्रश्न आहेच. एक म्हणतात दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका. दुसऱ्या म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. त्यावरून आमच्याकडे सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. माझा दोघांशीही वाद नाही. माझ्या पाहण्यातली ज्यांची पोटं खरंच उतरली, ती दोन्ही पंथांतली होती आणि त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातून आधी पाकिटं गेली होती. यादी बदलली होती रे! पंथ कुठला का असेना.

तुला वाटेल, म्हातारा एकच तुणतुणं वाजवतोय. वाजवतोच. या यादीपायी मी घरात वाईटपणा घेतला आहे. आमच्याकडून शेव-फरसाण गेलं तेव्हा बायको महिनाभर फणकाऱ्यात होती. आई शेवटच्या वर्षी दुपारच्या चहाबरोबर दोन खारी मागायची. तिला साखर होती. मी आणल्या नाहीत, ज्वारीच्या लाह्या आणून ठेवल्या. त्या ती कबुतरांना घालायची. ‘त्या वयात दोन खारींनी काय झालं असतं?’ असं बहीण अजून विचारते. आईला काही झालं नसतं, एवढं मलाही कळतं. पण खारीचा पुडा दोनावर थांबत नाही. घरात माझी वाढती मुलं होती, आणि एकाला सूट दिली की यादीला अर्थ राहत नाही. आज दोघंही पस्तिशीच्या पुढे आहेत, साखर नाही, पोट नाही. मी केलं ते योग्यच होतं. बहिणीला पटत नाही. आईच्या तिथीला ती नैवेद्याच्या ताटात खारी ठेवते आणि मी काही बोलत नाही.

असो. व्यायामाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तू आळशी नाहीस, उगाच उतावीळ आहेस. ट्रेनरने सहा दिवस दीड-दीड तास लिहून दिलंय आणि खायला काकडी. अशाने पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरतील आणि त्यात बहुतेक पाणीच असेल. पुढे स्नायू झडतील, आणि साखर ओढून घेणारे तर तेच आहेत. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दोन दिवस वजनं उचल, नाहीतर घरीच बैठका आणि जोर काढ. जेवल्यावर शतपावली कर, शंभर पावलांवर थांबू नकोस, दहा-पंधरा मिनिटं होऊ देत. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खरोखर कमी चढते. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी जायची ते शरीर ठरवतं. आणि चरबी जाळतं म्हणून घेतलेलं ते फॅट बर्नरचं पाकीट दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाक, घेत नसेल तर फेकून दे. लिव्हर आधीच कुरकुरतंय, त्यावर आणखी प्रयोग कशाला?

चालण्याच्या भरवशावर खाऊ मात्र नकोस. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज पहाटे चढून खाली उतरल्यावर मिसळीवर जादा तर्री मागणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. एकादशी अन् दुप्पट खाशी. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात. ते जाळायला तुझ्या वजनाच्या माणसाला जवळजवळ दोन तास चालावं लागतं. शेव खायला लागतात पाच मिनिटं, तीही फोनवर बोलता बोलता. म्हणून म्हणतो, यादी.

रविवारपर्यंत पाठव. टाइप करून, सुधारून पाठवू नकोस. वाण्याने दिलेलं बिल आणि त्या ॲपवरच्या गेल्या महिन्याच्या ऑर्डरी, जशा आहेत तशा. रूममेटांना हसू दे. तिघांत एकाने तरी वाईट व्हावंच लागतं.

वजन रोज करू नकोस, कंबर पंधरा दिवसांनी मोज. सकाळी, उपाशीपोटी, शर्ट वर करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही, तिथे कोणी बघत नसतं. आणि टेप शिंप्याकडची घे. तुझ्या बाबांनी एकदा सुताराच्या पोलादी टेपने मोजली होती, ती सुटून परत गुंडाळली गेली तेव्हा चांगलाच चिमटा बसला होता त्यांना.

तुझा,
काका