खरेदीखत कुठे ठेवायचं?

लोखंडी कपाटावर विसंबू नका. पत्रा तापतो आणि ज्वाळा आत न जाताही कागद करपतो. अग्निरोधक पेटी घ्या. किती मिनिटं आग सोसण्याचं प्रमाणपत्र आहे ते आधी पाहा, घराला ६० मिनिटांची बरी. तिच्या भिंतींतला थर पाणी धरून असतो, आगीत त्याची वाफ आत येते. एरवीही आत दमटपणा राहतो. म्हणून कागद झिपच्या जाड पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पेनड्राइव्ह तिथे नको: कागदाची पेटी आतलं तापमान १७७ अंशांपर्यंत जाऊ देते, पेनड्राइव्हला त्याहून बरंच कमी लागतं.

अग्निरोधक म्हणजे जलरोधक नव्हे. चिपळूण-सांगलीसारख्या पुराच्या भागात पेटी तळमजल्यावर ठेवूच नका.

मूळ दस्त लॅमिनेट करू नका, कृपा करून! एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागद न फाटता निघत नाही. दस्त क्रमांक आणि वर्ष दुसऱ्या घरी लिहून ठेवा. दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढताना तेच लागतं.

कागद भिजलेच, तर पानं ओढून सुटी करू नका, इस्त्रीही नको. टिपकागदांत ठेवून पंख्याखाली वाळवा. ४८ तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्यात उरकणार नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा.