पूर्ण भूल असताना शिरेतून लिग्नोकेन कशाला?

ताई, मिरजेत आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचंय, पूर्ण भूल देणारच आहेत, मग भूलतज्ज्ञ शिरेतून लिग्नोकेनही का देणार, दात काढताना टोचतात तेच ना ते, असं तुम्ही विचारलंय.

औषध तेच, काम निराळं. हिरडीत ते तिथल्या तिथे नस बधिर करतं. शिरेतून दिल्यावर रक्तातलं प्रमाण इतकं कमी असतं की कुठलाच भाग बधिर होत नाही, पण वेदनेचे संदेश मंदावतात आणि दाह थोडा आवरतो. त्यामुळे भुलीचं मुख्य औषध आणि फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं जोरदार वेदनाशामक, दोन्ही कमी लागतात. लहान हॉस्पिटलांत मॉर्फिन बरेचदा नसतंच, हेही लिग्नोकेन वापरण्याचं एक कारण. शेवटी श्वासाची नळी काढताना खोकल्याची उबळ कमी येते, हा फायदा मी स्वतः नेहमी बघतो.

आतडी लवकर चालू होतात असं मात्र मी कुणाला सांगत नाही. पूर्वी तशी आशा होती. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात पुरावा डळमळीत निघाला, आणि मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या ॲलेग्रो चाचणीत फरक दिसला नाही.

खरी मेख हिशोबात आहे. सुरुवातीला किलोमागे जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम, तेही दहा मिनिटांत हळूहळू. मग तासाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर नाही. वजन उंचीनुसार असायला हवं ते धरायचं, काट्यावरचं नाही. ६० किलोला तासाला ९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं साडेचार मिली. एवढंसं औषध पंपानेच जायला हवं, थेंब मोजून नव्हे. आणि कुपी साधी हवी. ॲड्रेनालिन घातलेली शिरेत कधीच नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत मी एका मुद्द्यावर अडून बसेन. दुर्बिणीच्या छिद्रांपाशी सर्जन बहुधा ब्युपिव्हकेन हे बधिर करणारं औषध टोचतात. दोन्ही एकाच जातीची औषधं, त्यांचं विष एकत्र मोजलं जातं. विष चढू लागलं तर जागा माणूस सांगतो, ओठ बधिर झाले, कानात घुमतंय. भुलीतला काय सांगणार? झटका आला तरी स्नायू सैल केलेले असल्यानं दिसत नाही. थेट ईसीजी बिघडतो. म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी आधी आपसात बोलून दोन्हीपैकी एकच ठरवावं. तरी विष चढलंच तर उपाय म्हणून २० टक्क्यांचं लिपिड, ते दुधासारखं सलाईन, ओटीतच हवं.

सांगली-मिरजेत आम्ही बरेचजण एक केस संपली की दुसरीकडे पळतो. त्यामुळे माझा शिरस्ता असा की पंप टेबलावरच बंद करायचा. मॉनिटर नसलेल्या वॉर्डात तो चालू ठेवून जाणं मला पटत नाही, मग दुखणं थोडं जास्त राहिलं तरी चालेल.

फिटनेसला जाल तेव्हा आईला फिट्स, हृदयाच्या ठोक्यांतला ब्लॉक, यकृताचा आजार किंवा पूर्वी अशा इंजेक्शनचा त्रास असेल तर स्पष्ट सांगा. प्रोप्रानोलॉल किंवा अमिओडॅरोन चालू असेल तर गोळ्यांची पाकिटंच दाखवा, त्यांच्यामुळे लिग्नोकेन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. आणि भूलतज्ज्ञांनी ते द्यायचं रद्द केलं तर घाबरू नका. पित्ताशयाला छिद्रांपाशी टोचलेलं औषध, पॅरासिटामॉल आणि किडनी-पोट धड असेल तर डायक्लोफेनॅक, एवढ्यावर माझे बहुतेक पेशंट संध्याकाळी उठून बसतात.